हात आत आहे

१

गाडीच्या मागे जोडून न्यायची घरं, म्हणजे ट्रेलर, दुरुस्त करायला दोन माणसं लागतात. एक आत, स्विचबोर्डापाशी. एक बाहेर, पत्र्यापाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि वर्कशॉपच्या अंगणात कायम कुठलं ना कुठलं इंजिन घरघरत असल्यामुळे हाकाही नीट ऐकू येत नाहीत. म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ठोके ठरवून घेतले होते. पत्र्यावर एक ठोका म्हणजे बंद कर. दोन म्हणजे चालू कर. तीन म्हणजे माझा हात आत आहे, आता आभाळ कोसळलं तरी स्विच लावायचा नाही. आतल्यानं तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे समजलं.

संसारात भांडणं झाली, आठवडा आठवडा अबोला झाला, पण ठोक्यांत कधी चूक झाली नाही. सकाळी त्याच्यापुढे चहाचा कप आदळणारी ती, बोर्डापाशी उभी राहिली की श्वास रोखून कान द्यायची. खोटा ठोका दोघांपैकी कुणीच कधी दिला नाही, थट्टेतसुद्धा नाही.

आणखी दोन सवयी होत्या, त्या मात्र कुणाला सांगितलेल्या नव्हत्या. तारेला हात घालायच्या आधी तो बोटातली अंगठी काढून तिच्या अंगठ्यात सरकवायचा. धातू घालून विजेचं काम करू नये म्हणून. आणि काम झालं की दोन ठोक्यांनंतर पत्र्यावरून नख ओढायचा, वरून खाली, हलकेच. म्हणजे, झालं गं एकदाचं. मग हात पुसत आत यायचा आणि अर्धा वळसा देऊन अंगठी काढून घ्यायचा.

जन्मभर विजेशी खेळलेला माणूस गेला तो मात्र साध्या तापानं. हॉस्पिटलात तपासणीसाठी आत नेताना त्यानं सवयीनं अंगठी काढून तिच्या अंगठ्यात सरकवली. ती परत घ्यायला तो आला नाही. अंगठी अजून तिच्या अंगठ्यातच होती.

२

त्यांचा स्वतःचा ट्रेलर तेव्हापासून अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभा होता. तो उघडायची वेळ आली ती लेकीमुळे. जावई कामासाठी लांब गेला होता, आणि लेक तान्ह्या बाळाला घेऊन काही महिने आईकडे राहायला येणार होती. वर्कशॉपवरच्या खोलीत एक खाट आणि एक कपाट मावायचं, त्यात तिसरं माणूस मावणं अवघड. "ट्रेलर आहे की," लेकच फोनवर म्हणाली होती. "फक्त गरम पाणी येऊ दे हं आई. बाळाला गार पाण्यानं आंघोळ घातली की लगेच सर्दी होते."

लेक संध्याकाळी यायची होती. दुपारी दिरानं ताडपत्री ओढली आणि धुळीनं शिंकत म्हणाला, "वहिनी, यात बाळ राहणार की वटवाघूळ?"

"तुम्ही राहत नाही ना, मग झालं," ती म्हणाली. "केबल जोडा आधी."

दीर तिच्यापेक्षा बराच लहान. भाऊ गेल्यापासून धंद्यात तोच तिच्या जोडीला होता. काम त्याचं चांगलं, पण जरा घाईचं. ठोके त्याला तिनंच शिकवले होते. सुरुवातीला तो हसायचा, "हे काय, तुरुंगातले कैदी बोलतात तसं!" मग त्यालाही सवय झाली.

त्यानं अंगणातल्या खांबावरून केबल आणून जोडली. दोन ठोके आले. तिनं दोन परत दिले आणि मेन स्विच वर केला. पलंगाच्या बाजूचा दिवा लागला. ओट्याच्या बाजूचे सगळे सॉकेट मात्र मेलेले. दीर आत येऊन प्रत्येकात तपासणीचा बल्ब खुपसून पाहू लागला.

"इथे नाही. इथेही नाही. इथे तर अजिबातच नाही."

"बाथरूममधलं बटण बघा की."

हा या घरांमधला जुनाच घोळ. बाथरूमच्या सॉकेटला सुरक्षेचं एक बटण असतं. ते उडालं की त्याच्या पुढच्या ओळीतले सगळे सॉकेट बंद पडतात, आणि माणूस बिचारा ओटा खणत बसतो. दिरानं जीभ चावली, आत जाऊन बटण दाबलं. खट्. ओट्यावरचा बल्ब लागला.

"दादा असता तर माझा कान धरला असता," तो म्हणाला.

"धरलाच असता," ती म्हणाली. मग दोघं गीझरच्या मागे लागले.

३

गीझर पलंगाच्या पायथ्याखाली बसवलेला होता, पण त्याचं तोंड बाहेर, दरवाजाच्या उलट बाजूच्या पत्र्यात. तिथली लहानशी झडप उघडली की आतल्या तारा आणि टाकी हाताला येते. दीर तिकडे गेला. ती बोर्डापाशी उभी राहिली. गीझरचा स्विच तिनं पाडला आणि त्यावर हात धरून ठेवला. तीही पद्धतच होती.

बाहेरून तीन ठोके आले. हात आत आहे.

तिनं तीन परत दिले.

आणि पलंगाच्या उशाकडून आणखी तीन आले.

आवाज मोठा नव्हता. अगदी नीट, सावकाश, शिकवल्यासारखा. तिनं वळून पाहिलं. गादी गुंडाळून ठेवलेली, तिच्यावर उशांचा ढीग, मागे फिकट पिवळी भिंत. पत्रा पोकळ असतो, तिनं स्वतःला सांगितलं. आतला फोम वर्षभर उन्हातान्हात सुकला असणार, आवाज घुमतो. पटण्यासारखं होतं. तरी तिनं ओट्याच्या कडेवर बोटानं एकदा टकटक करून पाहिलं. काहीच घुमलं नाही.

थोड्या वेळानं दीर दारातून डोकावला. "वहिनी, एकदा उत्तर दिलं की पुरे हो. दोनदा कशाला देता? मी गोंधळतो."

"दोनदा?"

"आधी इकडून, मग पार टोकाकडून. एवढ्यात पळत तिकडे गेलात की काय?" त्यानं हसत हातातली वस्तू पुढे केली. "ते जाऊ द्या. हे बघा."

गीझरची कॉइल होती. काळी पडलेली, मधोमध फुगून फाटलेली.

"रिकामी टाकी चालू केली की अशी जळते," तो म्हणाला. "दादानं हिवाळ्यात टाकी रिकामी केली होती ना?"

केली होती. तिच्यासमोर. पाणी काढून, बूच ओट्याच्या खणात ठेवून, टाकीकडे जाणारी तोटीही बंद करून. गीझरचा स्विच पाडून वर पांढरी चिकटपट्टी लावली होती. ती पट्टी दुपारी तिनं स्वतः सोलून काढली होती, जशीच्या तशी होती. आणि किल्ली वर्षभर तिच्या कपाटात.

"मग कुणी चालू केला?" दिरानं विचारलं.

"आधीच जळली असेल," ती म्हणाली. "आपण पाहिली कुठे?"

तिच्याच कानांना ते खोटं वाटलं. टाकी रिकामी करायच्या आदल्याच दिवशी तो तिच्यातल्या गरम पाण्यानं आंघोळ करून निघाला होता.

४

दीर नवी कॉइल आणायला वर्कशॉपमध्ये गेला. ती ओटा पुसायला लागली. अंगणातल्या नळाची नळी दुपारीच ट्रेलरला जोडली होती. फडकं भिजवावं म्हणून तिनं गरम पाण्याचा नळ सोडला. थंडच येणार, हे माहीत होतं. टाकीकडची तोटी अजून बंदच होती, टाकी उघडी होती, कॉइल नव्हती.

नळ खोकला, गढूळ पाण्याची चूळ टाकली, आणि मग पाणी आलं.

कोमट.

तिनं हात मागे घेतला, पुन्हा खाली धरला. उन्हात तापलेल्या नळीतलं असेल. पण आकाश सकाळपासून भरलेलं होतं आणि नळी सावलीत पडली होती. ती मनात एकेक कारण काढत गेली, दुरुस्तीला बसल्यावर काढतात तशीच, आणि एकेक खोडत गेली. थंड पाण्याचा नळ सोडून पाहिला, ते बर्फासारखं होतं. हे मात्र कोमटच राहिलं, वाढेना की उतरेना. गीझरचं पाणी असं कधी नसतं. ते तरी चढतं, नाही तर गार होत जातं. ही ऊब वेगळी होती. कुणाचा हात हातात घेतल्यावर लागते तेवढीच.

तिनं नळ बंद केला. हात पदराला न पुसता तशीच उभी राहिली. भीती वाटत होती, हे खरं. पण तिच्या मनात भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट हलली, आणि तिची तिला लाज वाटली. तिनं उशाकडच्या भिंतीकडे पाहून अगदी हळू विचारलं, "अहो?"

अंगणात कुणाचं तरी इंजिन घरघरत होतं.

५

खरं म्हणजे मेनच बंद करायला हवा होता. पण आभाळामुळे आत अंधारून आलं होतं, दिवा हवा होता, आणि लेक यायच्या आत काम उरकायचं होतं. फक्त गीझरचा स्विच पाडून दोघं कामाला लागले. तिनं पुन्हा त्यावर हात धरला.

बाहेरून तीन ठोके. तिनं तीन दिले. उशाकडून या वेळी काहीच आलं नाही, आणि तिला हलकं वाटलं. उगाच, आपण पण.

पत्र्यामागे पान्याचा आवाज येत होता. स्क्रू फिरत होते. दीर काहीतरी गुणगुणत होता.

मग दोन ठोके आले.

चालू कर.

तिचं बोट स्विचखाली गेलंसुद्धा. इतक्या वर्षांचं बोट ते, त्याला विचार करायची सवयच नव्हती. तेवढ्यात ठोक्यांमागून पत्र्यावरून नख ओढल्याचा आवाज आला. वरून खाली, हलकेच.

तिच्या छातीत काहीतरी सुटलं. डोळे भरून आले. झालं गं एकदाचं. हे दिराला माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. बोट वर जाऊ लागलं, आणि ती ते आनंदानं जाऊ देत होती.

पान्याचा आवाज मात्र अजून येत होता.

ओट्यावर एक बुटकी खिडकी होती. स्विचवरचा हात न काढता ती वाकली, मान लांबवली. खाली दिराची पाठ दिसली. स्क्रूड्रायव्हर दातांत धरलेला. दोन्ही हात मनगटापर्यंत झडपेच्या आत.

दोन ठोके पुन्हा आले. उशाकडून. आता जरा भराभर, लहान मूल हट्टानं दार वाजवतं तसे. आणि मागून नख.

ठोका त्याचा होता, नखही त्याचंच होतं. पण सख्ख्या भावाचा हात आत असताना तो 'चालू कर' म्हणाला नसता. परक्या माणसाचा असता तरी म्हणाला नसता. जे कोण होतं त्याला त्याच्या सगळ्या खुणा ठाऊक होत्या, आणि त्या कशासाठी होत्या एवढंच ठाऊक नव्हतं.

तिनं स्विचवरचा हात काढला. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि खिडकीला तोंड लावून किंचाळली, "भाऊजी, हात काढा! हात काढा आधी!"

दीर दचकून मागे पडला. तिच्या पाठीमागे स्विच खट् करून वर गेला. बाहेर निळा जाळ फुटला, आणि जळक्या तारेचा वास आला.

६

दीर बराच वेळ अंगणात उकिडवा बसून होता. बोटं एकेक करून हलवून पाहत होता.

"मी दोन ठोके दिलेच नव्हते, वहिनी."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती काय सांगणार होती? माझे हात काखेत होते, असं म्हणाली असती तर त्यानं मान डोलावली असती आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं, वहिनींचं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. आणि खरोखर होते का काखेत? त्या आधी बोट स्विचखाली होतं, हे तर तिचं तिलाच माहीत होतं.

"होतं असं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही ओरडलात म्हणून वाचलो, हेही तितकंच खरं." पण तो तिच्याकडे न बघता बोलला.

"तो गीझर काढून टाका," ती म्हणाली. "अख्खा. केबल काढा, पाण्याची नळी काढा. लेक आणि बाळ वरच्या खोलीत झोपतील, मी खाली वर्कशॉपमध्ये पथारी टाकीन. इथे कुणी राहायचं नाही."

त्यानं वाद घातला नाही. दोघांनी मिळून गीझर ओढून बाहेर काढला. पत्र्यात एक चौकोनी भोक राहिलं, काळं, कोपरभर खोल, आत पाइपांची कापलेली टोकं. दिरानं केबल उपसून तिचं वेटोळं खांद्यावर घेतलं, गीझर कवेत धरला आणि वर्कशॉपकडे गेला. ती मागच्या बाजूला बसून पाण्याची नळी गुंडाळू लागली. दिवस मावळतीला आला होता. किल्ली दारालाच राहिली आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

७

नळीचं शेवटचं वेटोळं हातात असताना ट्रेलरचं दार वाजलं. मग आत पावलं. पुढच्या रस्त्यानं रिक्षातून उतरून लेक सरळ आतच गेली होती. तिला सांगितलं होतं ना, ट्रेलर तयार ठेवते म्हणून.

"आई! कुठे आहेस?" आवाज भोकातून स्पष्ट आला. "अगं, किती स्वच्छ केलंयस! बघ रे बाळा, आजोबांचं घर."

ती ओरडणार तोच आत नळ सुटल्याचा आवाज झाला. पाणी धो धो वाहू लागलं. नळी तिच्या हातात होती.

"अय्या, गरम येतंय!" लेक म्हणाली. "अगदी बेताचं. याची आंघोळच उरकून घेते."

"बाहेर ये!" ती ओरडली. "आधी बाहेर ये!" पण पाण्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात ते विरून गेलं. दरवाजा पलीकडच्या बाजूला. ती उठणार, तेवढ्यात आतून, अगदी तिच्या समोरच्या पत्र्यावर, दोन ठोके पडले. आणि नख ओढलं गेलं.

लेक खळखळून हसली. लहानपणी ओट्याखाली बसून तिनं हे ठोके शेकडो वेळा ऐकले होते. "ऐकलं गं, ऐकलं! बाबांसारखं काय ठोकतेस! थांब, चालू करते."

बाहेर आईनं भोकाला डोळा लावला. पलंगाखालून जमिनीची एक पट्टी दिसत होती. तिच्यावर लेकीचे पाय, बोर्डाच्या दिशेनं वळलेले. एका हातातून लोंबणारा बाळाचा मोजा. आणि अलीकडे, पाइपांच्या मध्ये, काहीतरी फिकट पडलं होतं. पाइपावर गुंडाळायचा फोम, तिला वाटलं. मग ते उचललं गेलं. बोटांची पेरं दुमडली. पत्र्याकडे वळली.

धावत जाऊन दार गाठायला वेळ नव्हता. लेकीचं बोट थांबवील अशी एकच गोष्ट या जगात होती, आणि लेकीलाही ती ठाऊक होती. तीन ठोके. पण खोटे ठोके तिनं आयुष्यात कधी दिले नव्हते, आणि आत जे होतं त्याला खोटे ठोके देता येतात, हे तिनं आजच पाहिलं होतं. आपले ठोके त्याच्यासारखे नकोत. तिनं डोळे मिटले, उजवा हात कोपरापर्यंत त्या काळ्या भोकात घातला आणि डाव्या हाताच्या मुठीनं पत्र्यावर जिवाच्या आकांतानं हाणले. एक. दोन. तीन.

आतलं पाणी बंद झालं.

"बरं बाई, नाही लावत," लेक म्हणाली. तिनं आतून तीन ठोके परत दिले, कसे शिस्तशीर. समजलं. मग पावलं दाराकडे गेली, दार वाजलं, आणि बाळाला कडेवर घेऊन ती ट्रेलरला वळसा घालून आली. तिची ओढणी ओली होती, गालावर हसू होतं. "काय गं, आल्या आल्या कामाला—" ती थांबली. "आई? तुझा हात का आत आहे? गीझर कुठाय?"

"पुढे येऊ नकोस," ती म्हणाली. "तिथेच उभी राहा. बाळाला घट्ट धर."

लेक बाहेर होती. बाळ बाहेर होतं. संपलं होतं. तिनं हात मागे घ्यायला सुरुवात केली.

आत कुणीतरी तो धरला.

जोर नव्हता. ती पकडही नव्हती, नुसता तळव्याला तळवा लागला होता, कोमट, नळाच्या पाण्याइतका. बोटं तिच्या बोटांवरून शोधत शोधत अंगठ्यापर्यंत आली. तिथे थांबली. मग अंगठीला अर्धा वळसा दिला, आणि ती हलकेच काढून घेतली.

असं फक्त एकच माणूस करायचा. काम झाल्यावर.

तिला हात ओढायचा होता. तिनं ओढला नाही. तिला त्याचं नाव घेऊन विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं.

वर्कशॉपकडून दीर येत होता. केबलचं वेटोळं अजून त्याच्या खांद्यावरच होतं. ते तिला स्पष्ट दिसलं. "काय झालं?" त्यानं विचारलं.

आतून दोन ठोके आले. या वेळी त्यांना धातूचा किणकिणता आवाज होता. बाळानं मान वळवून तिकडे पाहिलं आणि ते हसलं. मग नख, वरून खाली.

रिकाम्या ट्रेलरमध्ये खट् झालं, आणि खिडकीत दिवा लागला.

तिचा हात अजून आत होता.